खर्जाची टाकी

गुलाम रसूल मास्तर सूरबागेत शिरले की आधी एकच गोष्ट बघत: ऑर्गनवर आज काय ठेवलंय. परवा फुलदाणी होती. काल कुणा पाहुण्याची टोपी आणि गॉगल. आज वाईनचे उष्टे ग्लास होते, आणि त्यातल्या एकानं लाकडावर जांभळट लाल वर्तुळ उमटवलं होतं. मास्तरांनी खांद्यावरच्या रुमालानं ते घासलं. निघालं नाही. ग्लास उचलून टेबलावर आपटत होते तेवढ्यात मागून दादाजींचा आवाज आला, "राहू द्या जी मास्तर, ग्लास ठेवले तं फोटो चांगला येते."

दादाजींनी आयुष्यात दोनच धंदे केले आणि दोन्हींत लोकांना डोलायला लावलं. आधी वडशाला नाटक कंपनी होती. धान कापून झालं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, मंडप पडतात, उजाडेपर्यंत नाटकं चालतात. त्या मंडपांमध्ये दादाजींच्या कंपनीचं नाव होतं. मग कंपनी मिटली. चंद्रपूरची दारूबंदी उठली तशी दादाजींनी भद्रावतीजवळची सासऱ्याची जांभळीची बाग हाती घेतली, पोराला नाशिकला वाईन शिकायला पाठवलं आणि फाटकावर पाटी लावली: सूरबाग. जांभळाची लाल वाईन, तीन प्रकारची. मुरकी हलकी, गोडसर, पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी. भैरवी जेवण संपताना घ्यायची. आणि खर्ज. खर्ज म्हणजे काळपट लाल, जड, जिभेवर बराच वेळ राहणारी. दादाजींचा जीव खर्जात होता. तळघरातल्या पिंपांना दिवसभर कंपनीच्या जुन्या कॅसेटी ऐकवल्या जात. गाणं ऐकून वाईन मुरते, असं दादाजी पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे मान डोलवत. शहरातून आलेल्या माणसाला काय वाटेल ते सांगा, फक्त गार हवेत सांगा.

ऑर्गनही कंपनीचाच. पायानं भाता हाणायचा, शिसवी अंगाचा. मास्तरांचे अब्बा तो वाजवत. एका वर्षी वैनगंगेचं पाणी गोदामात शिरलं आणि ऑर्गनच्या आतली रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभा, गाळात गंजून गेली, तेव्हा अब्बांनी पितळेचा पत्रा आणून एकेक रीड हातानं कापलं, कानसीनं घासलं, सुरात बसवलं. गुलाम रसूल तेव्हा पाळण्यात होते. त्यांना अंगाईच्या जागी कानसच ऐकायला मिळाली. अब्बांनंतर ऑर्गनवर तेच बसले, आणि कंपनी मिटेपर्यंत बसले. तो दिवाणखान्यात शोभेला ठेवायची वस्तू आहे, हे त्यांना कळलं ते इथे आल्यावर.

म्हणून तर ते इथे होते. चंद्रपुरात त्यांचं हार्मोनियम दुरुस्तीचं बरं चाललेलं दुकान होतं. पण दादाजींनी बोलावलं, "या, ऑर्गन पाहून जाल रोज," आणि मास्तर गेले. बायकोला, अमिनाला, हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

"वरती जाऊन काय सांगसान?" ती विचारायची. "दारूच्या टाकीले गाणं आयकवत होतो म्हून?"

"मी पीत नाई, पाजत नाई. पेटी वाजवतो."

"हाव न. दारूच्या बारशात."

मास्तर डबा उचलायचे आणि एसटी पकडायचे. अमिना तोंडानं फटकळ, पण डब्यात त्यांच्या आवडीची भाजी चुकायची नाही. अब्बांचा ऑर्गन घरी यावा असं तिलाही वाटत होतं. तिनं त्यासाठी पुढच्या खोलीतली दिवाणाची जागा रिकामी करून ठेवली होती आणि विचारलं तर म्हणायची, झाडायला बरं पडतं.

आता टाकीला गाणं ऐकवायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

जांभूळ बियांसकट कुस्करून टाकीत भरलं की ते फसफसू लागतं. साल आणि गर वर येऊन जाड थर धरतो. तो थर दिवसातून काही वेळा दांड्यानं खाली दाबावा लागतो, नाहीतर वरून बुरा चढतो आणि रंगही उतरत नाही. पण दाबायचं बेतानं. दिवस जातील तशी बी नरम होते, आणि जास्त दाबलं की फुटते. फुटली की संपलं. जांभळाचं बी चावलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. लोकेशनं, म्हणजे दादाजींच्या पोरानं, नाशिकहून येऊन दाबण्याची वेळ मिनिटांत सांगितली होती. दादाजींना मिनिटं आवडली नाहीत. त्यांनी त्याचं गाणं केलं. कंपनीचं गाजलेलं एक पद, चार अंतऱ्यांचं, बरोबर तेवढ्या वेळेचं. कलाबाई गाणार, मास्तर पेटीवर, आणि धानोऱ्याकडचा सुकलू आपल्या माणसांना घेऊन टाकीवरच्या फळीवर उभा राहून दांडा चालवणार. गाणं सुरू की दांडा सुरू, गाणं थांबलं की दांडा थांबला. पाहुण्यांसमोर यात फरक करायचा नाही, अशी दादाजींची सक्त ताकीद होती. सुकलूचं गाव अजून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातलं. तिकडे बाटली सापडली तर पोलीस येतात, आणि इथे हा बाबा गाण्याच्या तालावर अख्खी टाकी ढवळतो. या गोष्टीचं सुकलूला फार हसू यायचं.

व्यवस्था चोख होती. अडचण एकच. कलाबाई आणि गुलाम रसूल मास्तर एकमेकांचं तोंड पाहत नसत.

हे झाडीपट्टीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण घडलंच होतं भर मंडपात. कलाबाई कंपनीची नायिका. आवाज असा की शेवटच्या रांगेतला घोंगडीत गुरफटलेला म्हातारा उठून बसायचा. पण वन्स मोर आला की बाईला भान राहायचं नाही. एक झाला, दोन झाले, पाच झाले. तिकडे मास्तरांच्या पायांचे तुकडे पडायची वेळ. वडशाच्या मंडईत, अकरा वर्षांपूर्वी, बाईनं सहाव्या वन्स मोरला पदर सावरला आणि मास्तर ऑर्गनवरून उठून चहा प्यायला गेले. बाई सुराशिवाय उभी. लोक आधी हसले, मग त्यांनी हाती लागेल ते फेकलं. बाईनं त्यानंतर त्या मोसमात रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही, आणि पुढच्या मोसमात कंपनीच नव्हती. मास्तरांचं म्हणणं, बाई गाण्यावर नव्हे, टाळ्यांवर जगते. बाईचं म्हणणं, तो माणूस नव्हे, खुंटा आहे. दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम.

त्यामुळे बोलणं व्हायचं ते सुकलूमार्फत.

"सुकलू, त्या पेटीवाल्याले सांग, काळी दोनमधी धर म्हना."

"सुकलू, बाईले सांग, काळी दोन आता तिच्याच्यानं झेपत नाई. पांढरी एक."

"सुकलू, त्याले म्हना, माह्या गळ्याची चिंता त्यानं आपल्या घरी करावी."

सुकलू मधे उभा राहून दोघांकडे आळीपाळीनं बघायचा आणि काही न सांगता दांडा उचलायचा. दोघांनाही सगळं ऐकू आलेलंच असायचं. सवालजवाब संपला की काळी दोन आणि पांढरी एक यांच्यात जी काही पट्टी उरेल तिच्यात गाणं व्हायचं. ते चांगलं व्हायचं, हे दोघंही कबूल करणार नाहीत.

यंदाचा खर्ज भरला त्या दिवशी दादाजींनी सगळ्यांना टाकीपाशी गोळा केलं. कोणतीही गोष्ट चारचौघांत बोलायची त्यांची सवय कंपनीपासूनची. "नागपूरचे हॉटेलवाले येऊन राह्यले खर्ज चाखाले," ते म्हणाले. "त्यायले पटला, तं ऑर्गन मास्तरच्या घरी जाईन. सगळ्यायच्या समोर बोलून राह्यलो मी. दादाजीची जबान."

मास्तरांना त्या जबानीवर भरवसा नव्हता. पण सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि दादाजींना चारचौघांतली नामुष्की सोसत नाही, हेही खरं होतं. त्या दिवसापासून मास्तर, ज्यांच्या ओठाला आजवर थेंब लागला नव्हता, दारूच्या टाकीसमोर उभं राहून खर्जाची काळजी करू लागले. फळीवर चढून टाकीत डोकावायचे, वास घ्यायचे. अमिनाला हे कळलं असतं तर तिनं त्यांना अंगणात झोपवलं असतं.

दाबणीचे शेवटचे दिवस आले. लोकेशनं बजावून सांगितलं, आता बी पार नरम झाली आहे, गाणं संपलं की दांडा बाहेर, अर्धा अंतरासुद्धा जास्त नको. त्या दिवशी दुपारी ताडोब्याहून पाहुण्यांच्या दोन गाड्या आल्या. त्यांना वाघ दिसला नव्हता. पैसे वसूल व्हायचे होते, आणि तोंडं त्याप्रमाणे झालेली होती. दादाजींनी त्यांना मुरकी पाजली, तळघर दाखवलं, पिंपांना गाणं ऐकवतो ते सांगितलं आणि टाकीपाशी आणून उभं केलं.

कलाबाई हिरवं लुगडं नेसून उभी राहिली. साठीला आलेली बाई, पण उभं राहणं अजून रंगमंचावरचंच. तिनं मास्तरांकडे पाठ केली, नेहमीसारखी. मास्तरांनी भाता ओढला. सुकलूनं दांडा टाकीत सोडला. बाईनं पहिली ओळ उचलली: "सांग वैनगंगे, कुण्या घाटाले तो गेला."

आणि आवाज लागला. असा लागला की मास्तरांची बोटं क्षणभर चुकली. बाईचा आवाज गेली काही वर्षं दळणातल्या खड्यासारखा खरखरायचा. मास्तरांना ते मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. आज त्यात खडा नव्हता. चौथा अंतरा संपला, बाईनं सम गाठली, आणि पाहुण्यांतला एक टक्कल पडलेला, लाल झालेला माणूस दोन्ही हात वर करून ओरडला, "वन्स मोर!"

सगळे ओरडले. वाघ भेटला होता.

कंपनीत वन्स मोर द्यायचा की नाही, हे मालक ठरवायचा. विंगेत उभा राहून त्यानं उजवा हात वर केला की पुन्हा उचलायचं. आता दादाजींचा हात आपोआप वर गेला. तोंडभर हसू, मान तिरकी, थेट कंपनीतले दादाजी. लोकेश दिवाणखान्यात मागे रेंगाळलेल्या पाहुण्यांपाशी अडकलेला. आणि कलाबाईनं, जिला अकरा वर्षांत कोणी वन्स मोर म्हटलं नव्हतं, पदर सावरला.

गाणं सुरू, म्हणजे दांडा सुरू. सुकलूनं दांडा आत सोडला, पण त्याची नजर मास्तरांवर होती. थांबवू? मास्तरांना ती नजर स्वच्छ कळली. त्यांनी फक्त पेटीवरचा हात उचलायचा होता. सूर थांबला की बाई थांबली असती, बाई थांबली की दांडा थांबला असता, आणि खर्ज वाचला असता. ऑर्गन घरी आला असता. अमिनानं रिकाम्या केलेल्या जागेवर बसला असता. एक हात उचलायचा होता. तो त्यांनी एकदा उचललाही होता, भर वडशात, आणि त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं.

पहिला वन्स मोर झाला. टक्कलवाल्यानं पुन्हा आरोळी दिली. दादाजींचा हात पुन्हा वर. टाकीतून आता कडवट, हिरवट वास येऊ लागला होता. मास्तरांच्या नाकाला तो आधी कळला. बाईच्या पाठीकडे बघून त्यांच्या मनात आलं, थांब, डाकिणी, थांब. माझ्या बापाचा ऑर्गन फोडते आहेस तू त्या टाकीत. आणि तेवढ्यात बाईनं तिसऱ्या अंतऱ्यात वरचा षड्ज घेतला आणि तिथेच राहिली. थरथर नाही, ओढाताण नाही. मास्तरांनी तीस वर्षं गाणाऱ्यांना सूर दिले होते. असं कुणाचं लागणं त्यांनी फार तर दोनचारदा ऐकलं असेल. असल्या सुराखालून हात काढून घ्यायचा? त्यांना संताप आला, तिचा, स्वतःचा, त्या टक्कलवाल्याचा, आणि ते वाजवत राहिले. तिला माफ केलं म्हणून वाजवलं असं कुणी समजू नये. त्यांनी तिला काहीही माफ केलं नव्हतं. त्यांच्याच्यानं उठवलं नाही, एवढंच.

तीन वन्स मोर झाले तेव्हा कुठे पाहुणे थकले. बाई धापा टाकत होती, गालावर लाली होती. तिनं घाम पुसला आणि म्हणाली, "सुकलू, त्या पेटीवाल्याले सांग, तिसऱ्या अंतऱ्याले घाई केली त्यानं."

सुकलू दांड्याच्या टोकाची चकती बघत होता. तिच्यावर फुटलेल्या बियांचा फिकट हिरवा चोथा चिकटला होता.

खर्ज गाळला तेव्हा लोकेशनं पहिला घोट घेतला आणि तोंडात धरून तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग थुंकला. त्यानं मुरकी मिसळून पाहिली, काही दिवस ठेवून पाहिलं. तुरटपणा हलला नाही. तरी नागपूरवाले यायचे होते ते आलेच. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबानं ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला आणि फार सभ्यपणे पाणी मागितलं. त्या पाण्याच्या ग्लासानं दादाजींना जेवढं लागलं तेवढं शिवीनं लागलं नसतं.

पाहुणे जेवायला गेले तसे दादाजी टाकीपाशी आले. सगळे तिथेच होते.

"मास्तर! वडशाले भर मंडईत उठला होता न तू? सहा हजार मानसायसमोर उठला होता. तवा उठाले पाय होते तुले. आता काऊन नाई उठला? काऊन?"

आजवर तुम्ही म्हणणारे दादाजी तूवर आले होते.

"हात कोणी वर केला होता, दादाजी?"

सुकलूनं पायाशी असलेली बादली उगाच इकडची तिकडे ठेवली.

"माह्या हाताचं मले नको सांगू," दादाजी म्हणाले. आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "तुले माहीत होतं बी फुटन म्हून. तुह्या नाकाले कळलं होतं. तू मुद्दाम वाजवलं. ऑर्गन ऑर्गन करत होता न? आयक. ऑर्गन मी त्या साहेबाले देऊन टाकला. भेट. त्यायच्या हॉटेलच्या लॉबीत ठेवतीन, कुंड्यायच्या मधी. पुढच्या वर्षी तरी येतीन खर्ज चाखाले. आन जाच्या आधी तो सुरात करून दे. साहेबाचा पोरगा बोटं चालवते म्हंते."

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. कलाबाई खांबापाशी उभी होती. तिच्या गाण्यानं टाकी गेली, हे दादाजींच्या तोंडून एकदाही निघालं नाही. नायिकेला दुखवायचं नसतं, पेटीवाला कुठेही मिळतो. कंपनीचा जुना हिशेब.

त्या संध्याकाळी अमिनानं सगळं ऐकून घेतलं. मास्तरांना वाटलं, आता टोमणा येईल. तिनं फक्त विचारलं, "अब्बानं घडवलं ते लाकूड होतं का जी?"

मास्तरांना अब्बांची कानस आठवली.

"नाई म्हना. मंग लाकूड जाऊ द्या नागपूरले."

टेम्पो येणार त्या सकाळी मास्तर हत्यारांची पिशवी घेऊन सूरबागेत पोचले. दिवाणखाना रिकामा होता. कलाबाई तेवढी कोपऱ्यात छोटा आरसा पुढ्यात घेऊन केसांना तेल लावत होती. पाहुणे यायच्या आधी ती इथेच तयार व्हायची. मास्तरांना बघून तिनं खुर्ची फिरवली आणि पाठ केली. आरसाही तिनं गुडघ्यावर पालथा ठेवला.

मास्तर थबकले. कुणीही असतं तरी चाललं असतं, हिच्याऐवजी. डोळे नाही तर नाही, हिचे कान होते, आणि ते कान काय आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण टेम्पो तिकडून निघाला होता. त्यांनी ऑर्गनची मागची फळी सोडवली, पिशवीतून आकडी काढली आणि पहिलं रीड खोबणीतून ओढलं. निघताना ते बारीक किणकिणलं. बाईचा केसातला हात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

मास्तरांनी दुसरं ओढलं. तिसरं. प्रत्येकावर अब्बांच्या कानसीचे ओरखडे होते, बोटांना लागत होते. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. या बाईनं एक हाक मारली की झालं. तिनं का मारू नये? भर मंडईत तिचा अपमान करणारा माणूस तिच्या पाठीमागे मालकाची वस्तू उसवत बसला होता. असा मोका देवानं ताटात वाढून कुणाला दिला असेल? तिच्या जागी आपण असतो तर मारली असती हाक, असं मास्तरांना प्रामाणिकपणे वाटलं. ते घाईनं एकेक रीड फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकत गेले. शेवटचं खर्जातलं, जाड, हाताच्या बोटाएवढं रीड निघताना मोठ्यानं वाजलं. त्यांनी फळी बसवली, स्क्रू आवळले. बाईची वेणी घालून झाली होती. ती उठली नाही.

तेवढ्यात दादाजी आले, मागे टेम्पोवाले आणि सुकलू. दादाजींनी कौतुकानं ऑर्गनचं झाकण उघडलं, पायानं भाता दाबला आणि एक पट्टी दाबली. फुसकन हवा गेली. दुसरी दाबली. मग दोन्ही हातांनी जेवढ्या आल्या तेवढ्या. ऑर्गन नुसता उसासे टाकत राहिला.

"मास्तर! काय केलं तू याले?"

"जुनं यंत्र हाये, दादाजी."

"पिशवी दाखव."

मास्तरांनी पिशवी जमिनीवर ठेवली. दादाजींनी ती उघडली, फडकं सोडलं, पितळ चमकलं. "हे काय हाये?"

"रीड हाये. पेटी दुरुस्त करनाऱ्याच्या पिशवीत काय भजे राह्यतीन?"

सुकलू खोकला. दादाजी लालबुंद झाले. "ठान्यात नेतो तुले. चोट्टा! याच ऑर्गनचे हायेत हे."

"कोण म्हंते? तुमी होते का इथी?"

दादाजींनी खोलीभर नजर फिरवली आणि ती कलाबाईवर थांबली. त्यांचा चेहरा उजळला. साक्षीदार होता, आणि असा साक्षीदार की जो आनंदानं साक्ष देईल. मास्तरांनी पिशवीच्या बंदावरची पकड घट्ट केली; ती ओढून घ्यायला आले तर द्यायची नाही, एवढं एकच त्यांना सुचत होतं.

"कलाबाई, तुमी सकाळपासून इथीच होत्या. सांगा तुमी. यानं ऑर्गन उघडला का नाई? सांगा न बाई, भेऊ नोका. यानं तुमचं काय केलं ते अख्ख्या झाडीपट्टीनं पाह्यलं हाये."

बाई सावकाश उठली. आरसा खुर्चीवर ठेवला, पदर खांद्यावर घेतला. मास्तरांकडे पाठ करून, दादाजींकडे तोंड करून उभी राहिली.

"मले काय मालूम?"

"काय मालूम म्हंजे? तुमच्या मांगंच बसला होता तो!"

"मांगं बसला असन," बाई म्हणाली. "अकरा वर्सं झाले, दादाजी, मी त्या मानसाकडं पाहत नाई. तुमाले माहीत हाये, समद्यायले माहीत हाये. मंग आजच काऊन पाहीन?"

टेम्पोवाले छताकडे बघू लागले. मास्तरांनी फडकं बांधलं, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे चालू लागले. बाईच्या जवळून जाताना त्यांचे पाय अडखळले. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि त्यांच्याकडे तिच्यासाठी शिव्यांखेरीज एकही शब्द शिल्लक नव्हता. बाईनं ते ओळखलं असावं. तिनं पदर पुढे ओढला आणि मान भिंतीकडे फिरवली.

फाट्यावर चंद्रपूरच्या एसटीची वाट बघत मास्तर उन्हात उभे राहिले. पिशवी जड होती, बंद खांद्यात रुतत होता. अब्बांचे सूर घरी चालले होते, आणि ते तिच्यामुळे. आता आयुष्यभर तिचे उपकार वागवायचे, आणि तेही तिला कधी बोलून न दाखवता. असली आफत या बाईनं त्यांच्यावर कधी आणली नव्हती. वडशाच्या मंडईपेक्षाही त्यांना तिचा आज जास्त राग आला होता, आणि डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता.